आधी उसळ, मग भाकरी

प्रश्न : ताई, नमस्कार. मी ३९ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका आगारात एसटीची वाहक म्हणून काम करते. पाच महिन्यांपूर्वी माझं पोट लहान करायचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, आता ९४ आहे. गुडघे हलके झाले, शुगरची गोळी बंद झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऑपरेशनसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलंय, हप्ता पगारातून कापून जातो. दवाखान्यातून सांगितलेला प्रोटीन पावडरचा डबा २४०० रुपयांना मिळतो आणि पंधरा दिवसांत संपतो. दोन महिने घेतला, मग बंद केला. गोळ्याही आता एक दिवसाआड घेते, म्हणजे पाकीट दुप्पट दिवस पुरतं. कंगव्यात केसांचा पुंजका येतो. आठवड्यातून चार दिवस पहाटे पाचची गाडी असते, एखादा दिवस मुक्कामी. स्टँडवर दहा मिनिटं मिळतात, त्यात अर्धी भाकरी घाईनं खाल्ली की छातीत अडकते, दोनदा उलटी झाली. म्हणून मग दिवसभर चहा आणि मूठभर भडंग यावरच काढते. गाडीवर सारखं उतरता येत नाही म्हणून पाणीही कमीच पिते. सासूबाई म्हणतात, पार वाळलीस, डिंकाचे लाडू खा. घरी एक म्हैस आहे, दूध डेअरीला घालतो. मांसाहार चालतो. पावडरशिवाय भागेल का? आणि माझ्या ड्युटीत बसेल असं काही सांगा.

उत्तर : ताई, पावडरशिवाय भागेल. गोळ्यांशिवाय भागणार नाही. पैसे वाचवायला तुम्ही दोन्हीकडे कात्री लावलीत, त्यातली एक कात्री आजच मागे घ्या. म्हणून जेवणाच्या आधी गोळ्यांचं बोलते.

मी मिरजेत गेली एकवीस वर्षं आहाराचा सल्ला देते. त्यातली शेवटची नऊ वर्षं या ऑपरेशनचे पेशंट माझ्याकडे येतात. भाजी मंडईत बसणाऱ्या एक मावशी ऑपरेशननंतर दीड वर्षानं आल्या. वजन छान उतरलेलं. तक्रार एकच होती, चालताना चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. घरी पोचल्यावर पाहावं तर एक पाय अनवाणी. गोळ्या वर्षभर बंद होत्या, ‘बरं वाटतंय, मग कशाला’ म्हणून. रक्तात बी-१२ अगदी तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू केली, हळूहळू फरक पडला, पण तळपायाची बधिरता पूर्ण गेली नाही. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी उरते. अन्नातून बी-१२ सोडवून घ्यायला जे आम्ल आणि जो घटक लागतो, तो याच जठरात तयार होतो. जठर गेलं तशी ती सोयही बरीचशी गेली. लोह आणि कॅल्शियमचंही थोडंफार असंच आहे. त्यामुळे मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, लोह, आणि ड जीवनसत्त्वासह कॅल्शियम सायट्रेट ही औषधं जन्मभराची आहेत, आणि ‘एक दिवसाआड’ हा हिशेब तुमच्या सर्जननी सांगितलेला नाही.

खर्च कमी करायचा तर दुकान बदला. चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा, तेच घटक तेवढ्याच प्रमाणात आहेत का ते चिठ्ठीशी जुळवा, शंका आली तर पाकिटाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. साध्या कॅल्शियमच्या गोळीवर ‘कार्बोनेट’ लिहिलेलं असतं, ती स्वस्त असते, पण तिला पचायला आम्ल लागतं. तुम्हाला ‘सायट्रेट’च हवं. लोह आणि कॅल्शियम एकत्र गिळू नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीच्या मागेपुढे तासभर चहा नको. तुमच्या ड्युटीला मला हे सोपं वाटतं : कॅल्शियम दुपारी घरी आल्यावर आणि संध्याकाळी, लोह रात्री झोपताना लिंबू पिळलेल्या दोन घोट पाण्याबरोबर. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या वाचकांनी मात्र तिच्यानंतर चार तास यातलं काही घेऊ नये.

आता जेवण. या ऑपरेशननंतर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जावं असं सांगितलं जातं. पावडर देतात ती सुरुवातीच्या महिन्यांत, कारण तेव्हा घन अन्न जातच नाही. तुम्ही पाच महिने पार केलेत, घन अन्न सुरू झालंय. आता तेवढं प्रोटीन घरच्या डब्यातून येऊ शकतं. अट एकच आहे, आणि ती मी माझ्या प्रत्येक पेशंटच्या कागदावर लाल पेनानं लिहिते : आधी उसळ, मग भाकरी. आपलं ताट उलटं असतं. भाकरी मुख्य, बाकी सगळं तोंडी लावायला. पूर्वी पोट मोठं होतं, सगळंच मावायचं. आता एका वेळी आमटीची लहान वाटी भरेल एवढीच जागा आहे. ती जागा आधी भाकरीनं भरली तर उसळ बाहेरच राहते. म्हणून पहिले दहा-पंधरा घास अंडं, उसळ, मासा, चक्का यांचे. मग एखादी शिजलेली भाजी. जागा उरलीच तर पाव भाकरी आमटीत कुस्करून. नाही उरली तर नाही, भाकरी सोडल्यानं तुमचं काही अडत नाही.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. रविवारी मी स्वयंपाकघरात वजनकाटा आणि घड्याळ घेऊन बसले. मूठभर सोयाबीनच्या वड्या, २५ ग्रॅम, गरम पाण्यात टाकल्या. दहा मिनिटांनी तळव्यात धरून पिळल्या. पिवळट, फेसाळ पाणी निघतं, ते दोनदा धुऊन टाकायचं, नाहीतर तो उग्र वास राहतो आणि मग लोक म्हणतात सोया आवडत नाही. मिक्सरला एकच फेरा दिला की खिम्यासारखं होतं. कांदा, आलं-लसूण, चिमूटभर चटणी, एक चमचा तेल. आपल्याकडचं कांदा-लसूण मसाल्याचं तिखट अजून जपून, नव्या पोटाला झोंबतं. पाणी उकळायला ठेवल्यापासून कढई उतरवेपर्यंत २४ मिनिटं झाली. त्यात १३ ग्रॅम प्रोटीन, आणि वड्यांचा खर्च पाच रुपयांच्या आत. त्याच वेळात शेजारच्या शेगडीवर कुकरमध्ये मटकी आणि एका डब्यात चार अंडी उकडून झाली.

मग ते मी तुमच्यासारखं खाऊन पाहिलं. चहाचा चमचा, एक घास, वीस-पंचवीस वेळा चावायचं, गिळायचं, मिनिटभर थांबायचं. तेवढीशी वाटी संपायला २२ मिनिटं लागली. तेव्हा मला तुमच्या उलट्यांचं कारण लख्ख दिसलं. तुमच्याकडे दहा मिनिटं असतात आणि तुम्ही त्यात पूर्ण जेवण बसवायला पाहता. ते बसणार नाही. एका स्टँडवर एकच पदार्थ, असं ठरवा. पहिल्या थांब्यावर एक अंडं. परतीच्या थांब्यावर दुसरं. पोट भरल्याची खूण आता पोटात येत नाही, छातीच्या मध्यावर दाब येतो, कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं. ती खूण आली की घास हातातला असला तरी डबा बंद करायचा. पुढचा घास उलटीचा असतो.

तुमच्या पाचच्या गाडीच्या दिवसाचं मी असं मांडलंय. निघण्याआधी घरचं दूध दीडशे मिली, आदल्या रात्री तापवून साय काढलेलं, त्यात स्किम्ड दुधाची पावडर दोन मोठे चमचे. ही साधी पावडर दुकानात सुटी किंवा पाकिटात मिळते, त्या २४०० च्या डब्याशी तिचा संबंध नाही. यातून ११ ग्रॅम. ऑपरेशननंतर काहींना दूध सोसत नाही, पोट फुगतं, तसं झालं तर दुधाऐवजी दही. आठ-साडेआठच्या सुमारास दोन थांब्यांत दोन अंडी, १२ ग्रॅम. साल काढून नेऊ नका, स्टँडवरच सोला, आणि उन्हाळ्यात नऊच्या पुढे डब्यात ठेवू नका. अकराच्या आसपास पातळ ताकात दोन-तीन चमचे डाळ्याचं पीठ, मीठ, जिरेपूड, बाटलीत हलवून घोट घोट. सात ग्रॅम धरा. दुपारी घरी सोयाचा खिमा किंवा मटकीची उसळ, मग जमल्यास पाव भाकरी. संध्याकाळी अर्धी वाटी चक्का. रात्री हुलग्याचं घट्ट पिठलं किंवा मुगाचं वरण, लहान वाटी. सगळं मिळून ५७-५८ ग्रॅम होतं. ज्या दिवशी घरात कोंबडी किंवा मासे असतील त्या दिवशी साठच्या वर सहज जातं. कोंबडी रस्स्यात मऊ शिजलेली, बारीक तोडून. कोरडी, भाजलेली अडकते. बाजारात सुकट स्वस्त मिळाली तर दोनदा गरम पाण्यात धुऊन, खारटपणा काढून, वांग्यात घाला.

माझ्या गल्लीतल्या दुकानाच्या भावानं हा दिवस ५५ रुपयांच्या आत बसला, आणि त्यात मी तुमच्या घरच्या दुधाचेही पैसे धरलेत. डब्याचे रोजचे १६० होत होते.

चक्क्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण म्हैस दारात असून तुम्ही पत्रात दुधाचा उल्लेख फक्त डेअरीसाठी केलाय. रोज अर्धा लिटर घरात ठेवा. साय काढून विरजण लावा, दही जुन्या मलमलच्या ओढणीत बांधून रात्रभर टांगा. पाणी निथळलं की तेवढ्याच वाटीत प्रोटीन साध्या दह्याच्या दुपटीच्या आसपास जातं. लहान पोटाला हाच खरा फायदा आहे : जागा तेवढीच, ऐवज जास्त. मीठ, जिरं, कोथिंबीर घालून खा. खाली जमलेलं पाणी ओतू नका, आमटीत जाऊ द्या.

मुक्कामी गाडीच्या दिवशी यातलं काही जमणार नाही, ते मान्य करूनच चालू. त्या दिवशी पिशवीत फुटाणे, डाळ्याच्या पिठाची पुडी आणि दुधाच्या पावडरची पुडी असू द्या. मुक्कामाच्या गावात गरम पाणी मिळतंच. डाळ्याचं पीठ आणि दुधाची पावडर, जिरेपूड-मीठ घालून पेजेसारखं ढवळलं की रात्रीचं जेवण झालं. फुटाणे मात्र पीठ होईपर्यंत चावा.

भडंग सोडा. हे मी जयसिंगपूर-सांगलीच्या पट्ट्यात राहून लिहितेय, मला त्याची किंमत ठाऊक आहे. पण भडंग, खारी, बिस्किट, फरसाण यांचं या ऑपरेशनमध्ये एक वाईट लक्षण आहे. ते तोंडातच विरघळतात, लहान पोटात अडकत नाहीत, भरल्याची खूण देत नाहीत आणि सरकत राहतात. भाकरी अडकते आणि भडंग जातो, म्हणून तुम्हाला वाटतं भडंग मानवतो. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी ज्यांचं वजन परत चढतं, त्यांच्या पिशवीत मला हेच सापडतं. उसाचा रसही याच जातीचा, एका ग्लासात सहज सहा-सात चमचे साखर. आणि तुमचा चहा : अर्धा कप, दीड चमचा साखर, दिवसात सहा वेळा धरले तर नऊ चमचे झाले. चहा दोन वेळा ठेवा, बिनसाखरेचा. जड जाईल, पंधरा दिवस जड जाईल.

पाणी. दिवसाला दीड लिटर तरी हवं. तुम्ही ते टाळता त्यामागचं कारण मी समजू शकते, प्रवासात काम करणाऱ्या कुठल्याही बाईला ते समजावून सांगावं लागत नाही. म्हणून पाण्याची विभागणी तुमच्या वेळेप्रमाणे करा. दुपारी घरी आल्यापासून झोपेपर्यंत एक लिटर, आणि गाडीवर अर्धा लिटर. गाडीवर ते एकदम प्यायचं नाहीच, एका वेळी घोटभरच मावतं. प्रत्येक मोठ्या थांब्यावर डबल बेल द्यायच्या आधी एक घोट. घोट घोट प्यालेलं पाणी लघवीला एकदम घाईही करत नाही. जेवणाबरोबर मात्र पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. चक्कर येते असं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण उन्हाळा येतोय, भर दुपारच्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा लघवी गडद पिवळी झाली तर ती पाण्याची मागणी समजा.

केसांचं ऐका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं या ऑपरेशननंतर फार जणींना होतं. वजन झपाट्यानं उतरलं की शरीर केसांचा खर्च आधी कमी करतं. बहुतेकींचे पुढच्या सहा-आठ महिन्यांत परत येतात. प्रोटीन आणि लोह कमी पडलं तर मात्र गळती लांबते. केसांच्या तेलावर, बायोटिनच्या बाटलीवर पैसे घालू नका. तेच पैसे सहा महिन्यांच्या रक्ततपासणीला ठेवा, ती पुढच्या महिन्यात आहे : हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, अल्ब्युमिन. यातलं काय सरकारी रुग्णालयात होतं ते आधी चौकशी करून पाहा, उरलेलंच बाहेर करा.

एक गोष्ट फोनवर विचारत बसायची नाही. उलट्या दोन दिवस थांबल्या नाहीत, पाणीसुद्धा टिकेना, किंवा उलट्यांनंतर चालताना झोक जाऊ लागला, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बी-१ जीवनसत्त्व संपल्याची ती लक्षणं असतात आणि त्यात दिवस मोजून चालत नाही. तिथे सगळ्यात आधी सांगा की माझं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय, म्हणजे नुसतं ग्लुकोज लावून घरी पाठवणार नाहीत. अंगदुखी-डोकेदुखीच्या गोळ्याही मनानं घेऊ नका, पॅरासिटामोलखेरीज.

सासूबाईंचं राहिलं. त्यांना तुम्ही वाळलेल्या दिसता, आणि घरातली बाई वाळली की डिंक-गूळ-तूप हेच त्यांना माहीत असलेलं औषध आहे. त्यांना नाही म्हणू नका. त्यांना हुलगे भाजून द्यायला सांगा. मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत, मग भरडून पीठ. हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांनाच चांगलं जमणार. पूर्वी बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला हुलग्याचं माडगं देत, हे त्यांना आठवत असेल. गूळ न घालता, जिरं-लसणाची फोडणी देऊन त्यांनी ते तुम्हाला रात्री एक वाटी करून दिलं, तर त्यांच्या जिवालाही बरं वाटेल आणि तुमचे सहा-सात ग्रॅमही होतील.

प्रश्न : मी नाशिकला रिक्षा चालवतो. वय ४६. वर्षापूर्वी वजन कमी करायला पोटाच्या बायपासचं ऑपरेशन झालं. परवा एका लग्नात चार चमचे श्रीखंड खाल्लं. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. हार्ट अटॅक वाटला, ईसीजी साफ निघाला. हे काय होतं?

उत्तर : दादा, ईसीजी काढलात ते योग्यच केलंत, असं अंदाजावर सोडायचं नसतं. वर्णनावरून हे डम्पिंग दिसतं. बायपासमध्ये अन्न जठरात फारसं न थांबता थेट आतड्यात उतरतं. साखर एकदम तिथे पोचली की आतडं आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, त्यातून घाम, धडधड, मुरडा, जुलाब. अर्धा तास आडवं पडलं की बहुधा ओसरतं. श्रीखंड, बासुंदी, जिलेबी, सरबत, कोल्ड्रिंक यांना हात लावू नका. घरी चक्क्यात वेलची-केशर घालून बिनसाखरेचं खा, ते मानवतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे याचा दुसरा प्रकार. गोड किंवा नुसता भात-पाव खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर खाली कोसळते. हात थरथरतात, डोकं सुन्न होतं. तुम्ही तेव्हा हँडलवर असाल. असं वाटलं की रिक्षा लगेच बाजूला घ्या, उरलेल्या भाड्याचा विचार करू नका. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पुडी ठेवा, थोडं घ्या, बरं वाटलं की पाठोपाठ फुटाणे किंवा अंडं. दर तीन तासांनी थोडं खायचं, आणि त्यात प्रोटीन हवंच. असं एकदा जरी झालं तरी सर्जनना कळवा. मधुमेहाची गोळी अजून चालू असेल तर तिचा डोस या आठवड्यातच तपासून घ्या, जुना डोस नव्या वजनाला जास्त होतो.